बाहुल्यांचा खेळ बसवताय? मग बाहुली सगळ्यात शेवटी करा

आपल्या गोव्यात चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, संपली की फोन सुरू होतात. "टीचर, बाहुल्या करून झाल्यात, एकदम छान झाल्यात, आता एखादी गोष्ट द्या ना." बालदिन तोंडावर आलेला असतो. मी विचारते, समोर मुलं किती, खाली बसणार की खुर्च्यांवर, पडद्याची उंची काय धरलीय? पलीकडे शांतता. मग प्रयोगाच्या दिवशी व्हायचं तेच होतं, तीनशे मुलांच्या हॉलमध्ये वीतभर बाहुल्या, मागच्या रांगांतली मुलं दहाव्या मिनिटाला एकमेकांची डोकी मोजायला लागतात आणि बाई माइकवरून "शांत बसा, शांत बसा".

मीही पहिली दोन वर्षं हेच केलंय, त्यामुळे हसत नाहीये. पण क्रम लक्षात ठेवा: जागा, गोष्ट, पडदा, आवाज, आणि मग बाहुली. हा क्रम उलटा केलात तर बाहुली कितीही देखणी असू दे, ती पोत्यात परत जाणार.

खाली जे लिहिलंय ते मुख्यतः हातमोजा बाहुल्यांसाठी, म्हणजे हातात घालून नाचवायच्या. पहिल्याच वेळी दोऱ्यांच्या बाहुल्यांकडे जाऊ नका. दोरीची बाहुली सरळ उभी करायला शिकण्यातच महिने जातात. ती बघायची हौस असेल तर पत्रादेवीची हद्द ओलांडून महाराष्ट्रात, कुडाळजवळच्या पिंगुळीला जाऊन या, तिथली ठाकर मंडळी कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या दोन्ही खेळवतात. बघताना बाहुली किती हलते हे बघू नका, किती वेळ स्थिर राहते ते बघा. पुढे तालमीत हेच कामाला येणार आहे.

१. जागा आणि प्रेक्षक मोजा

टेप घेऊन जागेवर जा. फोटोवरून ठरवू नका.

हातमोजा बाहुली डोक्यापासून घेरापर्यंत साधारण १२ ते १४ इंच. ती २० ते २५ फुटांपर्यंत नीट दिसते, त्यापुढे फक्त काहीतरी हलतंय एवढंच कळतं. म्हणजे खाली दाटीवाटीने बसलेली ऐंशी-शंभर मुलं, बस्स. शाळेत अडीचशे मुलं असतील तर तीन प्रयोग करा. मुख्याध्यापक म्हणतील एकातच आटपा, ऐकू नका. एवढं पटवता आलं नाही तर बाहुल्यांच्या ऐवजी मोठे मुखवटे घालून नाटक करा, ते जास्त बरं दिसेल.

देवळाच्या सभामंडपात करत असाल तर खांब बघा. पडद्याच्या जागी उभं राहून समोर बघा, जिथे खांब आडवा येतो तिथे मुलं बसवायची नाहीत. आणि अगदी बाजूला, कडेला कुणाला बसवू नका, तिथून पडद्यामागची माणसं दिसतात आणि मुलांना एकदा तुमचं डोकं दिसलं की ती बाहुलीकडे बघतच नाहीत. बसायची जागा पंख्याच्या आकाराची पण अरुंद ठेवा.

उघड्यावर, शाळेच्या मैदानात किंवा गावातल्या वाड्यावर करणार असाल तर दोन गोष्टी. संध्याकाळी पाचचा सूर्य मुलांच्या डोळ्यात येता कामा नये, म्हणजे मुलांची पाठ पश्चिमेला. आणि किनाऱ्याच्या गावांत दुपारनंतर समुद्रावरून वारं सुटतं, पडद्याचं शीड होतं. त्याचा उपाय पुढे पडद्याच्या ठिकाणी सांगते.

चेक: एकाने पडद्याच्या जागी खुर्चीमागे बसून हात वर करावा, दुसऱ्याने शेवटच्या रांगेच्या जागी जमिनीवर मांडी घालून बसावं. बोटं किती वर केलीत ते मोजता येतंय का? नसेल तर शेवटची रांग पुढे आणा.

२. गोष्ट हातांवरून ठरवा

गोष्ट निवडताना लोक तात्पर्य बघतात. आधी हात मोजा. पडद्यामागे तीन माणसं म्हणजे सहा हात, त्यातले दोन हात नेहमी सामान द्यायला, पडदा ओढायला लागतात, म्हणजे एका वेळी पडद्यावर जास्तीत जास्त चार बाहुल्या, आणि खरं तर दोन किंवा तीनच बऱ्या. चार बाहुल्या एकत्र आल्या की मागे माणसांची कोपरं एकमेकांच्या बरगड्यांत जातात.

बाहुलीला काय जमतं? पळणं, लपणं, मारणं, उचलणं, झोपणं, शिंकणं, डोकावणं, खाणं, थरथरणं. काय जमत नाही? चेहऱ्यावरचे भाव आणि लांब भाषण. आपल्याकडे नाटकाची सवय दांडगी, जत्रेत रात्रभर नाटकं बघत मोठे झालेलो आपण, त्यामुळे लिहायला बसलं की स्वगत येतंच. काढून टाका. एका वेळी बाहुलीच्या तोंडी दोन वाक्यं, तिसऱ्या वाक्याआधी काहीतरी घडलं पाहिजे.

उदाहरण देते. मी एकदा खाजनातली, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातली, गोष्ट लिहिली होती: मानशीच्या, म्हणजे पाणी अडवायच्या झडपेच्या, दारात मगर येऊन बसलीय, म्हाताऱ्याला दार उघडता येत नाही, आणि एक कुर्ली (खेकडा) मदत करते. पहिल्या मसुद्यात म्हातारा पाऊण पान पाणी चढल्याचं दुःख सांगत होता. वाचताना छान वाटलं, तालमीत सगळेच कंटाळले. मग ते सगळं काढलं आणि म्हातारा येतो, दाराला हात लावतो, मगर तोंड उघडते, म्हातारा पळतो, एवढंच तीनदा ठेवलं, दरवेळी थोडं वेगळं. मुलं तिसऱ्यांदा आधीच ओरडायला लागतात, बाहुलीच्या खेळाला हेच हवं असतं.

सात-आठ वर्षांखालच्या मुलांसाठी २५ मिनिटं पुरे, घरची सगळी मंडळी असतील तर ३५. संहिता मोठ्याने वाचून घड्याळ लावा आणि त्यात तिसरा हिस्सा वाढवून धरा, कारण हालचाली, हशा आणि मुलांचा गोंगाट कागदावर नसतो.

भाषेचं एक. आपल्या मुलांची घरची बोली बहुतेक ठिकाणी कोंकणी, शाळेत मराठी. पुस्तकी मराठी ठेवलीत तर विनोद पोचत नाही. निवेदन सोप्या मराठीत ठेवा आणि एखाद्या पात्राला, आजीला म्हणा, कोंकणी बोलू द्या. सगळ्यात जास्त हशा तिलाच मिळणार, लिहून देते.

३. पडदा आणि चौकट

मुलं जमिनीवर बसणार असतील तर खेळवणाऱ्यांनी गुडघ्यावर किंवा बुटक्या स्टुलावर बसून खेळावं. पडद्याची वरची कड खेळवणाऱ्यांतल्या सगळ्यात उंच माणसाच्या डोक्यापेक्षा दोन-तीन इंच वर, म्हणजे गुडघ्यावर बसलात तर साधारण सव्वाचार फूट. उभं राहून खेळायचं तर पावणेसहा फुटांच्या आसपास जाते, ती खुर्च्यांवरच्या प्रेक्षकांसाठी ठीक, पण मग पुढची चिल्लीपिल्ली मान वर करून बसतात. पहिली रांग पडद्यापासून किमान पाच-सहा फूट लांब ठेवा, दोरी टाका किंवा खडूची रेघ मारा, नाहीतर एखादं धीट पोर येऊन बाहुलीचं नाक ओढतंच.

चौकट एक इंची पीव्हीसी पाइपची करा, प्लंबिंगच्या दुकानात जोड मिळतात, सुटी करून स्कूटरवरून नेता येते. कापड जाड आणि गडद, काळं किंवा गडद निळं. घरची चादर लावू नका, मागे दिवा असला की तुमच्या सावल्या आरपार दिसतात. पायांना वजन हवंच. आमच्याकडे प्रत्येक पायाला एक चिरा, म्हणजे जांभ्या दगडाचा ठोकळा, कापडात गुंडाळून, मग वारं काही करू शकत नाही. खालची कापडाची कड पण वाळूच्या छोट्या पिशव्यांनी दाबा.

आता जी गोष्ट जवळजवळ कुणीच करत नाही ती. चौकटीच्या आतल्या बाजूला, कंबरेच्या उंचीवर, ओळीने हुक लावा, आणि प्रत्येक बाहुलीच्या घेराला मागे एक पडद्याची रिंग शिवा. बाहुली हुकाला उलटी टांगायची, डोकं खाली. हात वरून सरळ आत जातो, बाहुली वर येईपर्यंत घातलेली असते. हे नसेल तर अंधारात एक माणूस पिशवीत हात घालून मगर शोधत असतो आणि पडद्यावर म्हातारा एकटाच उभा.

हुकांच्या वर, आतल्या कापडावर, मोठ्या अक्षरात कागद चिकटवा: कोण, कुठल्या बाजूने, कुणाच्या कुठल्या हातात. "म्हातारा, डावीकडून, डावा हात." संवादांचा कागद नको. संवाद पाठच पाहिजेत.

सावधान: फरशीवर गुडघ्यावर २५ मिनिटं बसणं चेष्टा नाही. जुन्या सोफ्याच्या उशा ठेवा.

४. आवाज आधी पक्का करा

रेकॉर्ड करून वाजवायचं की समोर बोलायचं? मुलंच खेळवणार असतील तर रेकॉर्डिंग सोपं पडतं. पण रेकॉर्डिंग हशासाठी थांबत नाही. मुलं हसतात, पुढची दोन वाक्यं वाहून जातात, आणि नेमकं त्यात गोष्टीचं वळण असतं. माझा कल नेहमी जिवंत आवाजाकडे. रेकॉर्डिंगच करणार असाल तर तुकड्यातुकड्यात करा आणि प्ले-पॉज धरायला एक माणूस फक्त त्यासाठीच ठेवा.

पन्नास मुलांच्या खोलीत माइकची गरज नाही, मोकळ्या गळ्याने बोला. त्यापुढे डोक्याला लावायचे माइक हवेत, हातात धरायचा माइक चालत नाही कारण हात बाहुलीत. स्पीकर पडद्याच्या पुढे ठेवा, मागे ठेवलात की शिट्टी मारायला लागतो. दर पात्राचा आवाज वेगळा पाहिजे म्हणून लोक चिरका आवाज काढतात, पंधरा मिनिटांत गळा बसतो आणि मुलांना शब्दही कळत नाहीत. आवाज चिरका करण्यापेक्षा वेग बदला. म्हातारा सावकाश, कुर्ली भरभर तोडून तोडून, मगर खोल आणि आळशी. बस.

५. आता बाहुली

आत्ता. कारण आता तुम्हाला माहितीय की ती किती मोठी हवी, कुणाच्या हातात जाणार, आणि तिला काय काय करायचंय.

डोकं मुठीपेक्षा थोडं मोठं, वजनाला पेरूपेक्षा जड नको. आपल्याकडे दिवाळीला नरकासुराचे पुतळे करून करून सगळ्यांना कागद चिकटवता येतो, हा फायदाही आहे आणि तोटाही, कारण हात थांबत नाही. पाच-सहा थर पुरे. खळ मैद्याची केलीत तर दमट हवेत बुरशी धरते, म्हणून फेविकॉल पाण्यात पातळ करून वापरा. बुरशी नको म्हणून काहीजण खळीत मोरचूद घालतात, मुलं काम करत असतील तिथे अजिबात नको, ते विष आहे. प्रत्येक दोन थरांनंतर पंख्याखाली पूर्ण वाळवा. फुग्यावर करत असाल तर उन्हात ठेवू नका, फुगा फुगतो, रात्री आकसतो आणि डोकं चिंबतं. जून ते सप्टेंबर कागदाचं डोकं करायच्या भानगडीत पडूच नका, त्या दिवसांत स्पंज कापून करा, गाद्यांच्या दुकानात तुकडे मिळतात.

मानेत पुठ्ठ्याची नळी, तर्जनीच्या दुसऱ्या पेरापर्यंत घट्ट बसेल अशी. सैल असली की डोकं गोल फिरतं आणि भर प्रयोगात म्हातारा मागे बघत बोलतो.

मोज्याचा कागदी साचा काढताना हात कागदावर ठेवून तर्जनी वर, अंगठा आणि मधलं बोट बाजूला पसरून, मग भोवती एक इंच जागा सोडून रेघ मारा, वर शिवणीसाठी अर्धा इंच. ९० टक्के लोक हाताला चिकटून रेघ मारतात, मग शिवल्यावर बोटं वाकत नाहीत आणि बाहुलीला टाळीसुद्धा वाजवता येत नाही. लांबी कोपरापर्यंत. साचा खेळवणाऱ्याच्या हातावरून काढा, शिवणारीच्या नाही.

चेहऱ्यात डोळे सगळ्यात महत्त्वाचे. मोठे, पांढऱ्यावर काळे, आणि नजर किंचित खाली, कारण बाहुली वर आहे आणि मुलं खाली. नजर सरळ काढलीत तर ती मुलांच्या डोक्यावरून भिंतीकडे बघते. चकचकीत ऑइल पेंट नको, दिव्यात तुकतुकतो. मॅट रंग. केसांना काथ्या उत्तम आणि फुकट. हाताच्या काड्या लागल्या तर मोडक्या छत्रीच्या काड्या, पावसाळ्यानंतर आपल्याकडे त्यांना तोटा नाही. कापड म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून घ्या किंवा ओळखीच्या शिंप्याकडून चिंध्या आणा.

मगरीसारखी तोंड उघडणारी बाहुली असेल तर खालचा जबडा अंगठ्यात, वरचा चार बोटांत. याची वेगळी गंमत पुढे.

चेक: बाहुली घालून हात वर करा, तीन मिनिटं मोबाइलवर लावा. हात थरथरायला लागला तर डोकं जड आहे. रडू नका, नवीन करा.

६. तालीम: आधी नुसता हात

पहिल्या दोन तालमी बाहुलीशिवाय. नुसत्या हाताने, तर्जनीवर एक टेबलटेनिसचा चेंडू, बस्स. चेंडू बघतोय, ऐकतोय, घाबरला, चालला, हे जमलं की बाहुलीत जमतं. बाहुली सुंदर असली की ती तुमची चूक झाकते असं वाटतं, प्रेक्षकांना मात्र दिसते.

मग बाहुली, आणि समोर मोबाइल स्टँडवर लावून रेकॉर्डिंग. आरशापेक्षा हे बरं, आरशात तुम्ही स्वतःकडे बघता. पुढच्या चुका बहुतेक दिसतीलच.

बाहुली बुडते. हात दमतो, बाहुली हळूहळू खाली जाते, शेवटी पडद्यावर फक्त टाळू. हात सरळ वर, कोपर कानाजवळ, आणि बाहुलीची कंबर पडद्याच्या कडेला. एका हाताला सलग चार-पाच मिनिटांपेक्षा जास्त काम देऊ नका, प्रवेश तसे वाटा.

बाहुली आढ्याकडे बघते. मनगट पुढे वाकवा, तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त.

बाहुली लिफ्टमधून येते, म्हणजे एकदम खालून वर. बाजूने, पायऱ्या चढल्यासारखी, चार पावलांत आणा. जातानाही तसंच. भूत असेल तर खालून आलं तरी चालतं.

सगळ्याच हलतात. बोलते ती हलेल, बाकीच्या स्थिर राहून तिच्याकडे बघतील. पिंगुळीला हेच बघायला सांगितलं होतं. दोन बाहुल्या एकाच वेळी डुलायला लागल्या की कोण बोलतंय ते मुलांना कळत नाही.

तोंडवाली बाहुली शब्द चावते. शब्द येताना तोंड उघडलं पाहिजे, मिटायचं नाही. आणि उघडताना अंगठा खाली, वरची बोटं जवळजवळ स्थिर, नाहीतर मगर दर शब्दाला आकाशाकडे जांभई देते. प्रत्येक अक्षराला उघडायची गरज नाही, जोर असलेल्या अक्षराला पुरे.

बांगड्या, घड्याळ, अंगठ्या काढा. बांगड्यांचा आवाज म्हाताऱ्याच्या दाढीतून आलेला मी ऐकलाय.

किमान आठ तालमी, त्यातल्या शेवटच्या दोन पूर्ण पडदा, दिवे, आवाज लावून न थांबता. चुकलं तरी पुढे जायचं.

७. मुलं बोलणार, त्याची तयारी

हे कुणी तालमीत घेत नाही आणि प्रयोग इथेच हातातून सुटतो. बाहुलीने विचारलं "मगर कुठे गेली?" की शंभर मुलं एकदम ओरडणार. ठीक. पण मग थांबवणार कसं? थांबवायची खूण आधी ठरवा. आमचा म्हातारा कानावर हात ठेवून थरथरतो आणि हळूच म्हणतो, "हळू बोला, तिला ऐकू जाईल." लगेच शांतता, कारण आता मुलंही कटात आहेत. माइकवरून "शांत बसा" म्हणालात की खेळ संपला आणि शाळा सुरू झाली.

ज्याची उत्तरं दोन असू शकतात असा प्रश्न विचारू नका. एकदा एका शाळेत मी बाहुलीकडून विचारलं, "मगरीला सोडू का?" अर्धी मुलं हो, अर्धी नाही, आणि एक मुलगा ताडकन उभा राहून "मारून टाका!" आमच्या संहितेत मगर शेवटी मैत्रीण होणार होती, पाच मिनिटं कसंबसं सावरलं.

दोन-तीन वर्षांची मुलं असतील तर पूर्ण काळोख करू नका आणि राक्षस अचानक आणू नका. आधी त्याचा आवाज, मग शेपूट, मग तो. आपली मुलं नरकासुर बघून मोठी होतात हे खरं, पण तेव्हा ती बापाच्या खांद्यावर असतात.

८. प्रयोगाचा दिवस

दीड तास आधी पोचा. चौकट, वजनं, हुक, मग बाहुल्या क्रमाने टांगा, मग दिवे. समोरून दोन एलईडी फ्लड, डावीकडून आणि उजवीकडून थोडे वरून, मुलांच्या डोळ्यात जाणार नाहीत असे. हॅलोजन कापडाजवळ नको, तापतो. वीज गेली तर काय याचा विचार आधी करा, चार्जिंगचा एक दिवा आणि माइकशिवाय बोलायची तयारी. वेळ संध्याकाळी साडेपाच-सहा. रात्री दहानंतर लाउडस्पीकरला कायद्याने बंदी आहेच, पण त्याआधीच, नऊच्या सुमारास मुलं आईच्या मांडीवर झोपलेली असतात, त्यामुळे जत्रेच्या कार्यक्रमात तुम्हाला नाटकानंतरची वेळ देत असतील तर सरळ नाही म्हणा.

पाहुण्यांची भाषणं खेळाआधी ठेवली तर मुलं आधीच दमतात. नंतर ठेवायला सांगा. कुणी ऐकत नाही, पण सांगा.

चेक: सुरू करण्याआधी खेळवणाऱ्या प्रत्येकाने आपली पहिली बाहुली घालून उतरवून परत टांगावी. रिंग निसटलेली असली तर आत्ताच कळू दे.

९. खेळ संपल्यावर

मुलं मागे धावत येणार. सगळ्या बाहुल्या त्यांच्या हातात देऊ नका, आणि त्यांच्यासमोर पिशवीतही कोंबू नका, दोन मिनिटांपूर्वी बोलणारा म्हातारा पिशवीत उलटा जाताना बघून रडलेली मुलगी मला अजून आठवते. एकच बाहुली, बहुतेक कुर्ली, हातात घालून बाहेर या आणि तिने सगळ्यांशी हात मिळवावा. तेवढ्या वेळात बाकीच्या पडद्यामागे आवरून होतात.

मोजे लगेच घामाने ओले असतात. घरी जाऊन उलटे करून सावलीत वाळवा, ओले पेटीत गेले की आठवड्यात काळे ठिपके. पावसाळ्यात पत्र्याच्या पेटीत, प्रत्येक डोकं वेगळ्या वर्तमानपत्रात गुंडाळून, सोबत कापराच्या चार वड्या, आणि पंधरा दिवसांनी एकदा पेटी उघडून पंखा लावायचा. स्पंजची डोकी दाबून ठेवू नका, ती तशीच चपटी राहतात. ऑक्टोबरचं पहिलं कडक ऊन पडलं की सगळं बाहेर काढा, रिंगा ओढून बघा, टाके सुटले असतील तिथे शिवा.